फीडबॅक रेझिस्टरवरचं बोट

आमच्या सिल्लोडकडच्या गावात कुणाच्या अंगात आलं, की मी उठून जायचो. घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा... मोजता येत नाही ते मानायचं नाही, असा माझा नियम. म्हणून हे लिहायला संकोच वाटतोय.

वाळूजच्या एका छोट्या युनिटमध्ये मी डिझाइनला आहे. लोखंडातले बारीक तडे शोधणाऱ्या अल्ट्रासाउंड मशीनचा अ‍ॅम्प्लिफायर आम्ही बनवतो. येणारा सिग्नल अगदी क्षीण. त्यामुळे तो वाढवणारी चिप, म्हणजे ऑप-अ‍ॅम्प वेगवान हवा, आणि त्याचा स्वतःचा नॉइज जवळजवळ नको. पण अशी वेगवान चिप सांभाळली नाही, की आपोआप थरथरते. सिग्नल दाखवणाऱ्या स्कोपच्या स्क्रीनवरची रेष नाचायला लागते.

हे काम मला साळवे सरांनी शिकवलं. मी जो काही आहे तो त्यांच्यामुळे. रेष नाचली, की ते चिपशेजारच्या फीडबॅक रेझिस्टरवर हलकेच बोट टेकवायचे — "थांब बाळा, लई घाई करतो." रेष शांत व्हायची, फक्त अंगातून उतरलेल्या विजेच्या गुणगुणीनं, हमनं, जरा जाड दिसायची. मग तिथं बोटाचंच काम करणारा छोटा कपॅसिटर लावायचा.

सर मागच्या दिवाळीआधी वारले.

त्यानंतर माझं पहिलं स्वतंत्र डिझाइन. नव्या चिपला कपॅसिटर लागणार नाही असं धरून मी बोर्डवर त्याला जागाच ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाकडच्या शेख मॅडम तपासायला आल्या. नापास झालं तर ऑर्डर जाणार होती. भर दुपारी बोर्ड लावला... आणि रेष नाचू लागली.

"क्या जी, ये तो बारात में नाच रा दिखता!" मॅडम म्हणाल्या.

मी मनात म्हटलं — सर, आता काय करू?

रेष थांबली. जराशी जाड, आणि शांत.

"हात काढा पहिले," मॅडम स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या. "बोट लावून पास नाय करणार मी."

"मॅडम, माझे हात मागं आहेत."

त्यांनी वळून बघितलं. त्यांचे स्वतःचे हात स्कोपच्या बटणांवर होते. टेबलाशी तिसरं कुणी नव्हतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "पास लिहू?"

"नको मॅडम. एखादा तडा सुटला तर कुणाच्या जिवावर बेतेल."

मी हे बोललो, आणि रेष पुन्हा नाचू लागली.

मॅडमनी मुदत दिली. नवा बोर्ड कपॅसिटरसकट पास झाला. जुन्या बोर्डवर मी सैल प्रोब, अर्थिंग, दमट हवा... सगळं तपासलं. ती जाड रेष परत आली नाही. उत्तर आजही नाही.

आता प्रत्येक बोर्डवर त्या रेझिस्टरशेजारी जागा सोडतो. कपॅसिटरला लागते त्यापेक्षा थोडी जास्त.