काळ्या कापडाआडून
केमिस्टच्या दुकानावरचा जिना चढून गेलं की डाव्या हाताच्या खोलीतून दिवसभर आ, ऊ, ई, स, श असे आवाज येत. त्यावरून खालच्या दुकानदारांनी तिथे शिकवणाऱ्या बाईंना नावच पाडलं होतं, आऊबाई. कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या कानाला मशीन लागलं, की त्यांना ऐकायला आणि बोलायला शिकवायचं, हे आऊबाईंचं काम. मुलाला काही विचारलं की थांबायचं, उत्तर येईपर्यंत दम धरायचा, ही त्यातली पहिली शिस्त. ती इतकी अंगवळणी पडली होती, की घरी गॅसपाशी त्या दुधाला म्हणायच्या, "उतू जाशील हं," आणि थांबायच्या. दूध काय कपाळ बोलणार! आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, भावाचा फोन आला तर आला.

त्यात या कामाची खोड अशी, की पोर नीट बोलू लागलं की यायचं बंद होतं. पुढे कधीतरी आईचा हात धरून त्याच जिन्यासमोरून जातं, पण वर बघत नाही. बघावं तरी कशाला? आऊबाईंना हे पटायचं, आणि तरीही लागायचं.

ठमी आली तेव्हा ब्र काढत नव्हती. आता तिची टकळी सुरू झाली की तिची आई कोपरापासून हात जोडायची. आल्या आल्या दप्तर आऊबाईंच्या मांडीवर टाकून ठमी म्हणायची, "अगं बाई, आज काय झालं माहितीये?" त्या गप्पांवर आऊबाईंची संध्याकाळ निघायची.

आज ठमीची शेवटची तपासणी होती. सगळं नीट जमलं, तर तिचं इथलं येणं संपणार होतं.

आऊबाईंनी पंखा बंद केला आणि भरतकामाची रिंग तोंडासमोर धरली. रिंगेत पातळ काळं कापड ताणलेलं होतं. त्याने ओठ झाकले जातात, आवाज अडत नाही, त्यामुळे पोरांना ओठ बघून लबाडी करता येत नाही. बाई बोलतील ते जसंच्या तसं म्हणायचं, एवढाच खेळ.

"खिडकी."

"खिडकी!"

"सशाची शेपटी छोटीशी असते."

ठमीने तेही म्हटलं. आऊबाई मागे सरकत पार भिंतीला टेकल्या, आवाज हळू करत गेल्या. पोरीने एक शब्द सोडला नाही. आई कोपऱ्यात श्वास रोखून बसली होती.

'अजून थोडे महिने येऊ दे,' एवढं म्हटलं असतं तरी आईने मान डोलावली असती. पडताळायला कोण येणार होतं? शब्द ओठांवर आले होते, पण जीभ रेटेना. रिंग अजून तोंडासमोरच होती. तिच्याआडून, अगदी बारीक आवाजात, भलतंच काहीतरी निघून गेलं.

"मला भेटायला येशील ना गं?"

आणि त्या थांबल्या.

ठमी ताठ बसली. हेलसुद्धा न चुकवता तिने म्हटलं, "मला भेटायला येशील ना गं?" मग हसून विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," आऊबाई म्हणाल्या.

"बाई, शेवटचं वाक्य तर मलासुद्धा ऐकू आलं नव्हतं!" आईचे डोळे भरून आले होते.

आऊबाईंनी रिंग खाली ठेवली, पंखा लावला. "झालं हिचं," त्या म्हणाल्या. "आता हिला आणायची गरज नाही."