जरा अडखळत बोल

“जरा अडखळत बोल. इतकं सफाईदार बोललीस तर लोकांना पटेल कसं?”

मी नववीत होते. शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती आणि मी माईकसमोर उभी होते. बोलणाऱ्या बाई संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. शाळेत त्यांना कुठलंही पद नव्हतं, त्यामुळे त्यांचा शब्द सगळ्यांच्या वरचा होता. मुख्याध्यापकसुद्धा त्यांना मॅडम म्हणत आणि त्या आल्या की स्वतःच्या केबिनमधल्या स्वतःच्या खुर्चीवरून उठत.

मला आधी वाटलं, विनोद असेल. मी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं की पहिल्या वाक्यानंतर एकदा अडक, ‘धन्यवाद’च्या आधी एकदा, आणि शेवटी डोळे खाली. प्रमुख पाहुणे मोठे बांधकाम व्यावसायिक होते. त्यांच्या मदतीतून आमची खोली मोठी व्हायची होती. माणसाचं मन असं उगाच हलत नाही, असं मॅडमचं म्हणणं.

आमची खोली म्हणजे किलबिल कक्ष. तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाला लागून. आधी तिथे पीटीच्या गाद्या ठेवायचे. गाद्यांना नंतर चांगली जागा मिळाली. दारावर रंगवलेल्या चिमण्या, आत आम्ही, मिसरूड फुटलेली, पाळी सुरू झालेली पोरं. ज्यांना वाचता येत नाही ते, ज्यांना गणित येत नाही ते, ज्यांना कमी ऐकू येतं ते, आणि ज्यांना सगळं येतं पण एका जागी बसता येत नाही ते. सगळ्यांना एकच औषध. चित्रं रंगवा.

गणवेशाच्या खिशावर आम्हाला पिवळी फीत लावायला लागायची. नवीन शिक्षकांनी चुकून ओरडू नये म्हणून, असं पालकसभेत सांगितलेलं. पालकांनी माना डोलावल्या, शाळा किती विचार करते म्हणून. ओरडणं काही थांबलं नाही. बाकीच्या मुलांची मात्र सोय झाली. मराठीच्या तासाला मॉनिटर दारात येऊन म्हणायचा, “किलबिल, चला.” सगळ्या वर्गासमोर मी दप्तर उचलायचे आणि मागच्या बाकावरून ठरल्यासारखं यायचं, “चिडिया उड.” मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर कुरमुरे टाकलेले असायचे. चिमण्यांना दाणे. एकदा मी ते उचलून खाल्ले, तर म्हणाले, बघ, खरंच खाते.

माझी अडचण वाचण्याची. ‘घ’ आणि ‘ध’ समोर आले की कोण कुठला हे मला दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. तोवर वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. बोलायला मला कधीच त्रास नव्हता. उलट जास्तच यायचं. पप्पा ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ड्युटीवरून कोपरीला घरी आले, हातपाय धुतले, की ते पेपर मोठ्याने वाचायचे. मला अक्षर लागत नाही हे कळल्यापासून ते सगळंच मोठ्याने वाचायला लागले. अग्रलेख, कादंबऱ्या, पुढाऱ्यांची भाषणं. भाषणं वाचताना ते मुद्दाम पुढाऱ्याचा आवाज काढायचे आणि आई भाकरी थापता थापता हसायची. त्यामुळे मला वाचता येत नसलं तरी पोकळ वाक्य कानाला चटकन कळायचं.

मॅडमनी लिहिलेलं भाषण तसंच होतं. ‘आम्ही इवली फुलपाखरं, आम्हाला हवी तुमच्या मायेची ओंजळ.’ मी ते दोनदा ऐकून पाठ केलेलं. ओंजळीत धरलेल्या फुलपाखराचं पुढे काय होतं, हे मॅडमनी कधी पाहिलं नसावं.

तर मी भाषण पुन्हा म्हटलं. अजिबात न अडखळता. मुद्दाम नाही. मला जमतच नव्हतं. मॅडमनी सुस्कारा टाकला आणि मागे बघून हाक मारली, “विघ्नेश, इकडे ये बाळ.”

विघ्नेश माझ्याच वर्गातला. त्याचं घर इथलं जुनं. आजोबांनी मिठागरात मीठ ओढलं, आता त्या बाजूच्या जमिनीवर त्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्याला शाळेत सोडायला येणारी गाडी मॅडमच्या गाडीपेक्षा मोठी होती. तरी खिशावर फीत पिवळीच. विघ्नेशला सगळे विषय यायचे. फक्त शब्दाच्या तोंडाशी तो थांबायचा. कधी एवढा थांबायचा की समोरचा त्याच्या ऐवजी वाक्य पुरं करून निघून जायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करून. कँटीनमध्ये त्याला समोसा हवा असायचा आणि हातात सँडविच पडायचं. तो ते खायचा. म्हणायचा, परत सांगण्यापेक्षा हे ब-बरं.

आभाराचं भाषण खरं तर त्याने मागितलं होतं. कक्षाच्या बाईंकडे स्वतः जाऊन. बाईंनी मॅडमना विचारलं, मॅडमनी एकदा ऐकलं आणि नाही म्हटलं. त्याचं फार लांबतं, प्रेक्षक अवघडतात. म्हणून ते माझ्याकडे आलं. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

विघ्नेश धावतच स्टेजवर आला. त्याला वाटलं, भाषण परत त्याला मिळालं. त्याने शर्ट खोचला. माईकची उंची बघितली.

“म्हण बघू, धन्यवाद,” मॅडम म्हणाल्या.

“ध,” विघ्नेश म्हणाला. मग थांबला. मान जराशी डावीकडे गेली, पापणी मिटली, आणि मग शब्द आला. “ध-ध-धन्यवाद.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “बघितलंस? असं. पण इतकं नको. याच्या निम्मं.”

सभागृहात नाचाच्या मुली होत्या, पेटीवाले सर होते, कक्षाच्या बाई आमच्या फुलपाखरांच्या नाचासाठी थर्माकोलच्या पंखांना फेव्हिकॉल लावत बसल्या होत्या. बाईंनी मान वर केली आणि पुन्हा फेव्हिकॉलमध्ये घातली. त्या कंत्राटावर होत्या. त्यांचं मी समजू शकते. समजणं वेगळं, बरं वाटणं वेगळं.

मी विघ्नेशकडे बघत होते. मॅडमनी त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं, मान कशी जाते ते मला नीट दिसावं म्हणून. त्याने म्हटलं. शहाण्या मुलासारखं. दुसऱ्यांदा म्हणताना त्याला कळलं, हे काय चाललंय. मी ते कळताना पाहिलं. कान लाल झाले, खोचलेला शर्ट त्याने उगाच पुन्हा खोचला.

त्याचं खरं अडखळणं या बाईला नको होतं, कारण त्यासाठी थांबावं लागतं. पण त्याची नक्कल तिला हवी होती. मोजून मापून, टाळीच्या जागी थांबणारी. आणि ती नक्कल मी करायची, तो विंगेत पंख लावून उभा असताना.

“मी नाही करणार,” मी म्हटलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत, त्यांना तशी गरज पडत नसे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पुढच्या वर्षी दहावी ना? पेपर लिहायला लेखनिक लागेल तुला. त्याचं सगळं शाळेकडूनच जातं बोर्डाकडे. विचार कर, बाळ.”

संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. ते पेपर उघडून बसलेले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दोन मिनिटांचं काम आहे, बोलून टाक. लेखनिक नसेल तर तू तीन तासांत एक पान तरी लिहिशील का?”

मी विचारलं, “तुम्ही कराल, पप्पा? विघ्नेशसमोर?”

पुढाऱ्यांचे आवाज काढणाऱ्या माझ्या बापाने पेपर घडी करून ठेवला. त्या दिवशी आमच्याकडे वाचन झालं नाही. जेवताना आईने फक्त एवढंच म्हटलं, “तिचं तिला ठरवू दे.”

संमेलनाच्या दिवशी पाहुणे नेहमीप्रमाणे उशिरा आले. आम्ही पिवळे पंख लावून विंगेत उभे. आधी दीपप्रज्वलन झालं, मग शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. निवेदकाने पाहुण्यांना दानशूर म्हटलं, द्रष्टे म्हटलं, ठाण्याचे भूषण म्हटलं. विशेषणं संपत आली तेव्हा त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. भूषण मोबाईल बघत होतं. मग आम्ही फुलपाखरांचा नाच केला. विघ्नेशचा एक पंख लोंबत होता, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्या लोंबणाऱ्या पंखाला पडल्या. त्यानंतर निवेदक गळा भरून म्हणाला, आता किलबिलची एक इवलीशी कळी आपले मनोगत मांडेल.

इवलीशी कळी उंचीने निवेदकाएवढी होती.

मी माईकशी गेले. पहिल्या रांगेत मॅडम होत्या. त्यांनी हलकेच मान हलवली, सुरू कर म्हणून. मी म्हटलं,

“नमस्कार. मला वाचायला वेळ लागतो, बोलायला लागत नाही. आज इथे अडखळत बोलायचं, असं मला शिकवलं आहे, म्हणजे तुम्हाला आमची दया येईल. मी अडखळणार नाही. आम्हाला पंपाशेजारच्या खोलीत बसवतात आणि वर्षातून एकदा स्टेजवर आणतात. त्याबद्दल आभार मानावेत असं मला वाटत नाही.”

मला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. पंखांचा दोरा काखेत रुतत होता.

पहिली टाळी मॅडमनी वाजवली.

मग सगळ्यांनी वाजवली. पाहुण्यांनी मोबाईल खिशात टाकला, उठून माईकपर्यंत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लोकांना म्हणाले, “बघा, विशेष मूल किती सफाईदार बोलतंय. एक शब्द अडला नाही. याला म्हणतात संस्कार. मॅडम, तुमच्या मेहनतीला सलाम.”

मॅडमनी हात जोडले. विनयाने.

मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. ते फक्त बोलणं ऐकत होते. अडखळले असते तर दया विकली गेली असती, नाही अडखळले तर यश विकलं गेलं. दोन्हीकडून माल त्यांचाच. पाहुण्यांच्या हातावरच्या अत्तराचा वास माझ्या केसांना घरी पोचेपर्यंत होता. मी दोनदा डोकं धुतलं.

विंगेत विघ्नेश पंख सोडत होता. मला बघून म्हणाला, “एवढं फ-फ-फास्ट कशाला बोललीस?” मग दुसरा पंख सोडत, “म-मी असतो ना, त-तर त्यांना ऐकायला लागलं असतं. ज-जाणार कुठे?”

तो हसत होता. मी नाही हसले. कारण त्याचं बरोबर होतं. माझ्या सफाईला टाळी वाजवून मोकळं होता येत होतं. त्याच्यासाठी खुर्चीत बसून राहावं लागलं असतं. आणि नेमकं तेच त्या पहिल्या रांगेला जमत नव्हतं.

सोमवारी मी शाळेत गेले ती ब्लेडने फीत उसवून. मराठीच्या तासाला मॉनिटर दारात आला, “किलबिल, चला.” मी उठले नाही. मागून आलं, “चिडिया उड.” मी बसूनच राहिले. मराठीच्या सरांनी विचारलं, काय गं, जायचं नाही? मी म्हटलं, नाही सर, ऐकायला बसलेय, ऐकता येतं मला. सरांना त्यावर काय करायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी धडा सुरू केला. दुसऱ्या दिवशी विघ्नेशही बसून राहिला. त्याची फीत मी उसवली. शिलाई पक्की होती, जरा शर्ट फाटला.

लेखनिक मिळाला. मिळणारच होता. ती मॅडमची मेहेरबानी नव्हती, बोर्डाचा नियम होता. ते मला नंतर कळलं. मॅडमना आधीपासून ठाऊक होतं.

आता मी पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करणाऱ्या एका ठिकाणी काम करते. वाचणाऱ्याच्या चुका ऐकून काढते. हे लिहितेय तेही बोलूनच, फोन ऐकतो आणि अक्षरं उमटवतो. विघ्नेश बोलायला लागला की मात्र हाच फोन मध्येच ऐकणं बंद करतो. फोनला वाटतं, बोलणं संपलं. यंत्रही पहिल्या रांगेतल्यांनीच बनवलंय, ते कळतं.

गेल्या महिन्यात शाळेतून फोन आला. संस्थेचा मोठा सोहळा आहे, माजी विद्यार्थिनी म्हणून प्रेरणादायी मनोगत हवं. किलबिल कक्ष आता वातानुकूलित झालाय, असं पलीकडचा आवाज अभिमानाने म्हणाला. फीत अजून आहे का, मी विचारलं. आहे, पण आता छान डिझायनर केलीय.

मी म्हटलं, मी येत नाही. विघ्नेशला बोलवा. तो बोलायला तयार आहे, मी विचारलंय त्याला. फक्त एक अट आहे. तो बोलत असताना कुणी घंटा वाजवायची नाही, कुणी त्याचं वाक्य पुरं करायचं नाही, आणि तो संपवेपर्यंत पहिल्या रांगेतलं कुणी उठायचं नाही.

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग आवाज आला, “तसं अवघड आहे हो. कार्यक्रम आटोपशीर ठेवायचाय.”

ठेवा, मी म्हटलं.

मी त्या स्टेजवर पुन्हा चढणार नाही. आणि जिथे कुठे मला ‘किती छान बोलतेस’ म्हणून बोलावतील, तिथे माईक आधी विघ्नेशच्या हातात जाईल. मी दाराशी उभी राहीन. तो ‘ध’पाशी थांबेल, आणि त्याचं होईपर्यंत मी कुणालाही बाहेर जाऊ देणार नाही.