तीनदा लाल, तीनदा हिरवा

भूत, चकवा, अंगात येणं — यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहितानाही 'आता बसला' असं मी म्हणणार नाही. मी बी.एस्सी. कॉम्प्युटर. नारायणगावात एका फायबर इंटरनेट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये नऊ वर्षं बसते. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक वायर असते आणि वायर तुटली की ठिपका लाल होतो, एवढंच माझं अध्यात्म. इथे लिहितेय ते भुतासाठी नाही. डोक्यात राग आहे म्हणून लिहितेय. राग कुणावर, ते पुढे कळेलच.

आधी आमचं काम समजून घ्या. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गावांत आमच्या पेट्या आहेत — खांबावर, कुठे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, कुठे कुणाच्या गोठ्याला लागून. कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, त्यावर नकाशा. पेटी चालू असेल तर ठिपका हिरवा, बंद पडली तर लाल. हे सगळं दाखवणारं एक मॉनिटरिंग सॉफ्टवेअर आहे. लाल झालं की मी लाईनमनला पाठवते. झालं.

आता त्यातली गोम. खोडदच्या बाजूला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या, त्यांना अडथळा नको म्हणून टॉवर कमी, त्यामुळे मोबाईलची रेंज लपंडाव खेळते. डिंगोऱ्याकडे डोंगरामुळे तेच. लाईनमन बाईकवर निघाला की तो पोचला का, काम करतोय का, कुठे पडला-बिडला का — काही कळायचं नाही. यावर तोडगा काढला होता आमच्या दगडूमामांनी.

दगडूमामा आमचे सगळ्यात जुने लाईनमन. गाव लोणी, घरची मेंढरं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन मुक्कामाच्या जागी पोचले की टेकडीवर उभं राहून घोंगडं तीनदा झटकायचे. लांबून घरच्या माणसांना कळायचं, पोचले. मामांनी तेच पेटीवर आणलं. लाईनमननं पेटीपाशी पोचल्यावर तिचा खटका तीनदा बंद-चालू करायचा, एक-एक मिनिट थांबून. माझ्या स्क्रीनवर ठिपका तीनदा लाल, तीनदा हिरवा. म्हणजे 'पोचलो'. काम संपल्यावर परत तीनदा. म्हणजे 'निघालो'. 'पोचलो' दिसल्यावर दीड तासात 'निघालो' दिसलं नाही, तर ऑफिसातून दुसऱ्या माणसानं गाडी काढायची. विचारत बसायचं नाही. निघायचं.

"आवं ताई, फोनला रेंज लागती. खटक्याला न्हाई लागत," मामा म्हणायचे.

याच पद्धतीनं एकदा साप चावलेला माणूस वेळेत दवाखान्यात पोचला. एकदा विहिरीच्या काठावरून घसरलेला सापडला. मामा रिटायर झाले, दीड वर्षापूर्वी लोणीत राहत्या घरी गेले. हार्ट. पद्धत मात्र चालू राहिली.

मग आली नवी व्हर्जन.

पुण्याच्या हेड ऑफिसातून नितीन सरांचा मेल आला — नवीन रिलीज, खूप सारे फीचर्स, सगळ्यांनी उत्साहानं स्वागत करावं. नवा डॅशबोर्ड. 'ऑटो डिस्कव्हरी', म्हणजे जोडलेली पेटी सॉफ्टवेअर आपणहून शोधणार. 'क्लीनअप', म्हणजे वापरात नसलेल्या जुन्या पेट्या यादीतून साफ. आणि सरांचं सगळ्यात लाडकं — 'फ्लॅप सप्रेशन'. म्हणजे एखादी पेटी थोड्या वेळात सारखी बंद-चालू झाली, तर तो फालतू गोंधळ समजायचा आणि दाखवायचाच नाही. ठिपका लाल करायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं. तेवढ्यात पेटी चालू झाली, तर काही घडलंच नाही.

वाचलंत ना? आमचा 'पोचलो' म्हणजे काही घडलंच नाही!

मी त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, "सर, हे एक फीचर आमच्याकडे बंद ठेवा. आमच्या माणसांचा जीव आहे त्याच्यावर."

सर हसले. हो, हसले. "मॅडम, खटके बंद-चालू करणं हा जुगाड झाला. प्रोफेशनल पद्धत आहे का ही? आपण ॲप दिलंय, त्यात चेक-इन करायला सांगा."

"ॲपला रेंज लागते सर."

"मग रेंजमध्ये येऊन करायचं. नॉइज कमी केल्याशिवाय आपण स्केल नाही होणार."

मी मेल केला. दुसरा केला. तिसऱ्याला उत्तर आलं — 'नोटेड'. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पेटीपुढे शेरा लिहायला जागा होती. मामांनी मला तोंडी सांगून तिथे शेरे लिहून घेतले होते — कुठे कुत्रं सोडलेलं असतं, कुठे मालक तापट, कुठे पुलावर पाणी येतं. नव्या व्हर्जनमध्ये ती जागाच नव्हती. सगळे शेरे गेले. त्याबद्दलही 'नोटेड'.

मी लाईनमनना बजावलं की आता खटका दिसत नाही, आधी आणि नंतर फोन करा. सगळे हो म्हणाले. पण हाताची सवय अशी एका दिवसात जाते का?

तो मंगळवार होता. आमचा संतोष — चाळिशीचा माणूस, डिंगोऱ्याचा, घरी बायको आणि दोन मुली — खोडदच्या लाईनवर गेला होता. नेट मधेच स्लो होतंय अशी तक्रार होती. त्या लाईनवर पाच पेट्या, नक्की कुठली ते माहीत नाही. अकराला त्याचा चहाच्या टपरीवरून फोन आला, "ताई, लाईन बघत बघत जातो." त्यानंतर काही नाही. आणि मी... मी काय करत होते सांगू? दोन वाजल्यापासून नव्या व्हर्जनच्या ऑनलाईन ट्रेनिंगला बसले होते. हजेरी कम्पल्सरी. पहिल्याच स्लाईडवर लिहिलं होतं — 'अलर्ट कमी, लक्ष जास्त'. भिंतीवर सगळे ठिपके हिरवेगार. इतका शांत स्क्रीन मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. यात माझी चूक आहेच. मी ती झाकत नाही.

पावणेचारला संतोषच्या बायकोचा फोन.

"ताई, ह्यांचा फोन लागंना. जेवायला टपरीवर येतो म्हनले व्हते, डबा तितंच ठिवलाय. टपरीवाला म्हनतो आलंच न्हाईत."

अकरानंतर चेक-इन नाही, फोन नाही. पाच पेट्या, मधे आठ-नऊ किलोमीटर, सगळा ऊस. त्या आठवड्यात तिकडे एका मळ्यात बिबट्याच्या मादीचे ठसे दिसले होते, सोबत पिल्लांचे. आणि दिवस थंडीचे, सहाला अंधार. मी अशोकला हाक मारली — तो दुसरा लाईनमन, नुकताच ऑफिसात आला होता.

"कुठल्या पेटीवर जाऊ ताई? पाच हायेत. पायी आत शिरून हुडकायचं म्हंजी रात व्हईल."

मी भिंतीकडे पाहिलं. अशोकनं पण पाहिलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नंतर मला सांगण्यात आलं की ताणामुळे मला भास झाला असेल. दोघांना एकच भास होत असेल तर तसं समजा.

खोडदच्या पट्ट्यात एक ठिपका लाल झाला. लगेच. दहा मिनिटं न थांबता. मग हिरवा. मग लाल. तीनदा. थोडं थांबून परत तीनदा.

त्या पाचातला तो नव्हताच. नाव होतं 'खोडद मळा जुनी'. ही पेटी आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती. लाईन नव्या खांबावर नेली, जुन्या खांबावरची वायर कापली, आतलं यंत्र काढून स्टोअरला जमा केलं. जमा केल्याची पावती माझ्या सहीची आहे. नव्या व्हर्जनच्या क्लीनअपमध्ये तिचं नावही यादीतून पुसलं गेलं होतं. पुसलेल्या नावांची लिस्ट मीच तपासली होती.

मी ठिपक्यावर क्लिक केलं. आणि तिथे शेरा होता. ज्या व्हर्जनमध्ये शेऱ्याची जागाच नाही, त्या व्हर्जनमध्ये!

'ऊस. एकट्यानं जाऊ नये.'

अशोक गाडीची किल्ली घेऊन निघाला. मी ट्रेनिंग तसंच चालू सोडून त्याच्या मागे. त्या मळ्यात मला एकदा मामाच घेऊन गेले होते. ती त्यांनी त्या भागात बसवलेली पहिली पेटी, आणि तिच्यासाठी खड्डा खणताना काय काय झालं ते वाटेवर अर्धा तास ऐकवलं होतं. म्हणून रस्ता ठाऊक होता. नाहीतर त्या उसात जुन्या खांबाची वाट शोधण्यातच अंधार झाला असता.

संतोष नव्या खांबाच्या बुडाशी पडलेला होता. वरची वायर बघताना शिडी घसरली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय विचित्र वळला होता. खांबावरची पेटी छातीएवढ्या उंचीवर, पण उभंच राहता येत नव्हतं तर खटक्याला हात कसा पोचणार? फोन खिशात होता, रेंज शून्य. साडेबारापासून चार तास तो तसाच.

आम्हाला बघून रडला नाही. चिडला. आणि त्याचं चिडणं माझ्या काळजात आरपार गेलं.

"ताई, मी आल्या आल्या तीनदा केलं व्हतं की! तुमी बघितलं न्हाई? मला वाटलं बघितलंच आसल... दीड तास झाला की येतीलच. म्हून वरडलो बी न्हाई. मागं उसात दोनदा सळसळ झाली, म्हनलं गप पडून ऱ्हावं."

त्याला आम्ही सांगितलं होतं की खटका आता दिसत नाही. पण इतकी वर्षं ज्यावर भरवसा टाकला, ती गोष्ट पडल्या क्षणी आठवणार, की पंधरा दिवसांपूर्वीची सूचना? चार तास तो माणूस आमच्या भरवशावर शांत पडून होता, आणि मी 'अलर्ट कमी, लक्ष जास्त' बघत होते. तिथेच मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

त्याला गाडीत घालताना त्यानं अशोकला विचारलं, "तू मगाशी आलता का जुन्या खांबाकडं? खटका वाजत व्हता. मी हाका मारल्या, तू ओ दिली न्हाई."

अशोक म्हणाला, "भाऊ, पडून ऱ्हा. बोलू नगंस."

जुना खांब तिथून शंभर पावलांवर. अशोक संतोषजवळ थांबला आणि मी एकटीच जाऊन पाहिलं. पेटीचं दार गंजून अडकलं होतं, ओढल्यावर निघालं. आत गांधीलमाशीचं सुकलेलं पोळं आणि धूळ. खटका नव्हता. वायर नव्हती. जिथे खटका होता तिथे चार स्क्रूंची भोकं.

परत ऑफिसात आले तेव्हा स्क्रीनवर तो ठिपका नव्हता. लॉगमध्ये नाही, यादीत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टला विचारलं. ते म्हणाले अशी नोंद नाही, आणि शेरे या व्हर्जनमध्ये दिसूच शकत नाहीत. ऑटो डिस्कव्हरीनं चुकून जुनं नाव उचललं असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, वायरच नसेल तर उचलणार काय? बरोबर आहे. मलाही तेच शिकवलंय.

आता रागाचं खरं कारण.

नितीन सर दवाखान्यात फुलं घेऊन आले. सगळी हकीगत ऐकली, हात जोडले, म्हणाले, "मिरॅकल आहे हो! मामांची कृपा." पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनीच ही गोष्ट रंगवून सांगितली, म्हणे बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसात मामांच्या फोटोला मोठा हार आला. आणि घटनेच्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं? 'लाईनमनने ॲपमध्ये चेक-इन केले नाही. फ्लॅप सप्रेशन अपेक्षेप्रमाणे काम करत आहे.'

अपेक्षेप्रमाणे!

ते फीचर अजून चालू आहे. मी स्वतः बंद केलं तर दुसऱ्या दिवशी माझ्या लॉगिनमधून तो पर्यायच काढून घेतला. पोरं अजूनही पोचल्यावर खटका तीनदा दाबतात, आणि माझ्या भिंतीवर सगळं हिरवंगार असतं. मी टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलंय. प्रत्येकाच्या नावानं दीड तास लावते, वाजलं की गाडी काढायला लावते. संतोष काठी घेऊन चालतो. खांबावर आता चढणार नाही.

मला लोक विचारतात, "ताई, मामाच होते का हो ते?" मला नाही माहीत. लोक मात्र हे विचारताना खूश असतात, आणि त्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बत्तीस वर्षं उन्हातान्हात, आधी टेलिफोनच्या आणि मग आमच्या खांबांवर चढलेला माणूस. गेला, सुटला. त्यालासुद्धा परत ड्युटीवर यावं लागलं असेल, तर ते आम्ही जिवंत माणसांनी आमचं काम केलं नाही म्हणून. हार कसले घालता?

जुनी पेटी, नसलेला खटका, पुसलेला शेरा — हे कसं झालं याचं माझ्याकडे आजही उत्तर नाही. का झालं, ते मात्र मी नितीन सरांना लेखी दिलंय आणि खाली अशोकची, संतोषची आणि माझी सही आहे.

त्यावर अजून 'नोटेड'सुद्धा आलेलं नाही.