निवटीवरचा लोहचुंबक

माझ्या मेहुण्याइतका नकोसा पाहुणा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दुसरा सापडायचा नाही. हळदीला बोलावला तर पंगत उठवील, बारशाला बोलावला तर टोपाचं झाकण उघडून आत वाकेल, आणि नाही बोलावला तर हमखास येईल. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ, तळवलीचा. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल आणि गळ्यात सुतळीला बांधलेला, फुटक्या स्पीकरमधून काढलेला काळा लोहचुंबक. कुणाच्याही घरी मासळी आलेली असो, हा आधी तिच्यावरून चुंबक फिरवणार, मग तो कानाशी धरणार, मग मान हलवणार. मान हलवली की समजायचं, त्या घरातल्या बाईचं डोकं फिरलं.

हे खूळ त्याला कॉलेजवाल्यांनी लावलं. नव्वद सालानंतरची गोष्ट. शेतं नव्या शहरात गेली, मिठागरं गेली, आमच्या वाट्याला खाडी तेवढी उरली होती. माझी बायको ओहोटीला चिखलात उतरून निवट्या धरायची. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा, डोळे टाळूवर घेऊन जन्मलेला मासा. असा मासा हातानं धरायला बाई तशीच चपळ लागते, आणि ती होती. एक दिवस बाटल्या, पिशव्या घेऊन एक मॅडम आणि चार-पाच पोरं आली. त्यांनी पाणी भरलं, चिखल भरला, आणि हिच्या पाटीतल्या निवट्याही नेल्या. मॅडमनं सांगितलं, कारखान्यांच्या पाण्यातून पारा, शिसं असले धातू खाडीत येतात, चिखलात बसतात, तिथून माशात आणि माशातून माणसात. तपासून काय ते कळवतो म्हणाल्या. अजून कळवतायत! आमच्या पोटात काय आहे ते कुठल्या तरी कपाटात पडलं असेल, पण ज्यांचं पोट त्यांना सांगायला कुणाला वेळ झाला नाही. मी चौथी नापास माणूस. मला शास्त्र कळत नाही, पण अपमान कळतो.

मेहुण्यानं मात्र वाट बघितली नाही. धातू म्हटल्यावर त्यानं चुंबक आणला. गावातल्या शाळेच्या मास्तरांनी त्याला परोपरीनं सांगितलं, "अरे बाबा, चुंबकाला लोखंड चिकटतं. पारा आणि शिसं नाही चिकटत." यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, नाय चिकटलं म्हंजे आत मुरलंय." या माणसाशी वाद घालून कोण जिंकणार! पण याच माणसानं मला एकदा बांधावर बसून जे सांगितलं, ते मास्तरांनाही सांगता आलं नसतं. "भावजी, तुमी मिठागरात राबलेत. खाडीच्या पान्यात मीठ दिसतं काय? नाय. पन पानी कोंडीत घ्या, उन्हात ठेवा, मग बगा ढीग. मासा म्हंजे तसा हाय. पानी येतं, जातं, मीठ ऱ्हातं. आन आपून त्या मिठाचं गोदाम."

बाजारात तो आला की कोळणी पदर खोचून तयार असायच्या. "मावशे, कोलंबी खाडीची का भाएरची?" "हिचा जन्मदाखला आनू काय रं, मेल्या? घ्यायची तर घे, नायतर तो लोलक घेऊन गाडीखाली जा!" तो घ्यायचा नाहीच, वर शेजारच्या गिऱ्हाईकालाही घेऊ द्यायचा नाही. घरच्या मांजरीला त्यानं दूध-भाकरीवर ठेवलं. ती बिचारी आठवडाभरात शेजाऱ्याकडे राहायला गेली, ती पुन्हा याचं तोंड बघायला तयार नाही.

एकदा तर पाटीभर निवट्या घेऊन तो एका कारखान्याच्या गेटवर जाऊन बसला. मी सोबत होतो, कारण बायकोनं पाठवलं होतं, "दादाला मारतील हो, जा." वॉचमननं हाकललं तरी हा हलेना. शेवटी एक साहेब बाहेर आला. मेहुणा म्हणाला, "सायेब, तुमचा माल हाय, परत घ्या. यांच्या पोटातलं तुमचं तुमी काढून घ्या आन आमची मासली आमाला द्या." साहेब हसला. "आमचं पाणी तपासून सोडलेलं असतं, काका. टेन्शन घेऊ नका." तेव्हा मेहुणा उभा राहिला. "पानी? पानी कोन खातंय? आमी मासं खातो! मासं तपासलंव काय?" साहेबाचं हसू गेलं, साहेबही गेला. गेट लागलं. निवट्या डांबरावर उड्या मारत राहिल्या, आणि आम्ही दोन म्हातारे त्यांच्या मागे.

मग बायको आजारी पडली. किडन्या गेल्या म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, मिश्री लावता का, घरात कुणाला साखर आहे का, आधी काय काय गोळ्या घेतल्या. जन्मभर काय खाल्लं, हे एकानंही विचारलं नाही. ती कशानं गेली ते मला माहीत नाही, उगीच कुणावर आळ घेणार नाही. पण विचारायला काय जात होतं? शेवटी शेवटी तिला निवट्यांचं आंबट कालवण खावंसं वाटलं. मी कुठून तरी आणून रांधलं, तर हा हजर. चुंबक फिरवला, मान हलवली आणि टोप उचलून उकिरड्यावर पालथा केला. तिच्यासमोर. मला त्याचा गळा धरावासा वाटला. ती मात्र हसली. "दादा, जितेपनी देत नायस. माझ्या दहाव्याला तरी पानावर ठेवशील ना?"

दहाव्याला खाडीकाठी मी पान मांडलं. भात, वडे आणि निवट्या. आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं ठेवतात. सगळे हात जोडून लांब उभे. भटजींना कोपरखैरण्याला दुसरीकडे जायचं होतं, ते घड्याळ बघतायत. कावळा आला, बांधावर बसला, खाली उतरला, आणि मेहुणा टॉवेल फिरवत धावला, "हुश! हुश!" बायांनी तोंडावर पदर घेतले. जन्मात कुणी दहाव्याला कावळा हाकललेला बघितला नव्हता. मी ओरडलो, "अरे, बहीण आहे तुझी! तिला उपाशी लावतोस?"

"बहीन हाय म्हनूनच!" तोही ओरडला. "जिती व्हती तवा तिच्या तोंडचा घास काढला मी. आन आता मेल्यावर तेच इख चारू? आन तो कावला? त्याला पोट नाय?"

कावळा पुन्हा येईना. भटजी म्हणाले, "अहो, तिला काहीतरी कबूल करा, म्हणजे शिवेल." तसा मेहुणा पानासमोर गुडघ्यावर बसला. "बाय, ही खाऊ नको गं. साफ खाडीची निवटी आनतो तुला. जिथं आसल तिथून आनतो. दादाचा शब्द हाय." मग कावळा आला. चोचभर भात घेतला आणि उडाला. मेहुण्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी वळून आम्हाला म्हणतो कसा, "बगितलंव? निवटी सोडली!"

तेव्हापासून पितरांच्या पंधरवड्यात तिची तिथ आली की हा डबा घेऊन निघतो. पहिल्या वर्षी पनवेलच्या पलीकडे गेला. दुसऱ्या वर्षी पेणकडे. यंदा दोन एस्ट्या बदलून कुठे गेला कोण जाणे, संध्याकाळी गुडघाभर चिखलानं, हातात निवट्यांचा डबा घेऊन दारात उभा. "भावजी, तिथंपन कंपनीचा बोर्ड लागलाय. फुडच्या वर्षी आनखी लांब जावं लागंल." त्याला आता नीट चालवत नाही. मी म्हटलं, "मीपण येतो."

निवट्या मीच रांधल्या, ती करायची तशा, कोकम घालून. पानावर वाढण्याआधी त्यानं गळ्यातला चुंबक काढला, सावकाश फिरवला, कानाशी धरला. पण या खेपेला मान हलवली नाही. माझ्याकडे बघत राहिला, मीच काय ते सांगावं तसा.

चुंबकाला पारा-शिसं चिकटत नाही, हे मास्तरांचं बोलणं मला तोंडपाठ आहे. मी म्हटलं, "नाही चिकटलं. साफ आहे. वाढ तुझ्या बहिणीला."