उत्तर आलेलं नाही

न आलेल्या उत्तराचा आमच्या जावयांइतका मान ठेवणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल. आलेल्या निरोपाचं कौतुक सगळेच करतात. हे गृहस्थ न आलेल्या निरोपापुढे हात बांधून उभे राहतात. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी विचारलं, "भात वाढू?" त्यांच्या तोंडात घास होता. जावई गप्प राहिला की वाढायचं, हे आम्हा सासवांना कोणी शिकवावं लागत नाही. मी वाढला. त्यांनी घास गिळला, ते पाणी प्यायले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "आई, मी हो म्हटलं नव्हतं. म्हणजे नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं." मग निमूटपणे सगळा भात संपवला. तेव्हापासून मी भाताचं पातेलं घेऊन नुसती स्वयंपाकघरातून निघाले तरी ते तोंडातला घास तसाच ठेवून दोन्ही हात ताटावर आडवे धरतात.

हे खूळ त्यांच्या पोटापाण्याच्या कामातून आलंय. यंत्रं एकमेकांना दिवसभर निरोप पाठवत असतात म्हणे. आलेल्या निरोपातला पत्ता कुठला, मजकूर कुठला, तातडीचं काय, हे प्रोग्रामला कळावं म्हणून ओळीच्या डोक्यावर एक छोटीशी खूण लिहितात, तिला ॲनोटेशन म्हणतात. त्या खुणा वापरणारे पुष्कळ. पण कोणती खूण असावी, तिचं नाव काय, अर्थ काय, हे ठरवायला कंपनीने आमच्या जावयांना बसवलंय. एकदा आमच्या ओटीवर बसून लॅपटॉपवर त्यांची मीटिंग चालली होती. निरोपात एखादा आकडा आलाच नाही तर शून्य धरून पुढे जावं, असं बाकीच्यांचं म्हणणं. जावई लालबुंद. "शून्य कोणीतरी मोजून पाठवलेलं असतं! न आलेला आकडा म्हणजे अजून कोणी मोजलंच नाही! आकडा न आल्यास काय करायचं ते खुणेत लिहिल्याशिवाय प्रोग्राम चालूच होता कामा नये!" एवढा आवाज चढला की शेजारची काकू कुंपणाशी येऊन मला हळूच विचारती झाली, "वाडीची वाटनी चाललीय काय गो?" शेवटी खूण त्यांच्याच मनासारखी झाली, आणि त्या आनंदात त्यांनी तीन शहाळी प्यायली.

बोईसरला ते राहतात त्या सोसायटीतही तेच. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, इमारतीला हिरवा रंग लावतोय, कोणी काही बोललं नाही तर मंजूर समजू. कोणी काही बोललं नाही. जावई संध्याकाळी हो की नाही विचारत प्रत्येक दारात हजर. चौथ्या मजल्यावरचे, कारखान्यात कामाला असलेले एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "भाईसाब, रंग कोई भी लगाओ, पहले पानी तो ऊपर चढ़ाओ!" तेव्हा कुठे कळलं, वरच्या मजल्यांना पाणीच पोचत नव्हतं. पंप दुरुस्त झाला, रंग राहिला. सेक्रेटरी अजून त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघतात.

पण मला हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही येतं ते त्यांच्या लग्नाच्या आठवणीने. आमची वाडी केळव्याजवळच्या माहीमला. केळी, नारळ, थोडी पानवेल. लेक एकुलती एक. तिने वडिलांना सांगितलं, मुलगा घाटावरच्या माणसांतला आहे, त्याचे वडील वीज केंद्रात नोकरीला म्हणून इकडे आले, मला त्याच्याशीच लग्न करायचंय. आमच्या ह्यांनी ऐकून घेतलं, कोयता उचलला आणि वाडीत गेले. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. सगळ्या घराने तो नकारच धरला. लेक रडून रडून अर्धी झाली. बाबांविना लग्न करायचं नाही आणि ह्या मुलाला सोडायचंही नाही, अशी तिची कोंडी. मुलाने तिला विचारलं, "ते नाही म्हणाले का?" ही म्हणाली, "तसं नाही." "मग उत्तर आलेलं नाही," असं म्हणून पठ्ठ्याने मोटारसायकल काढली आणि थेट वाडीत येऊन उभा राहिला.

हे केळीच्या लोंगराला, म्हणजे घडाला, टेकू देत होते. "काका, हो, नाही, की अजून ठरलं नाही?" त्याने विचारलं. टेकू घट्ट बसवून हे म्हणाले, "आजून ठरला नाय." मला वाटलं, आता हा हुज्जत घालणार. तो म्हणाला, "बरं, पुन्हा येतो," आणि गेला. पुढे दर रविवारी यायचा. "ठरलं?" "नाय." शहाळं प्यायचा, जायचा. ना विनवणी, ना राग. मी सुपारी सोलत बसायचे आणि मनात म्हणायचे, देवा, ह्याने येणं सोडू नये.

एका रविवारी ह्यांनीच त्याला बस म्हटलं. म्हणाले, "पोरा, तुज्यात खोट नाय. पन रोज दुपारी ती वाडीत येऊन मला जेवायला हाक मारते. ती गेल्यावर हाक कोन मारल, ता ठरला नाय." तो खाली मातीतच बसला. केळीचा चीक पँटला लागला, तो डाग काही निघत नाही. म्हणाला, "काका, याचं उत्तर माझ्याकडेही नाही." रात्री हे मला म्हणाले, "खोटा बोलला नाय पोरगा. तारीक काढा."

आता लेक बोईसरहून रोज दुपारी फोन करून ह्यांना जेवायला हाक मारते. मी स्वयंपाकघरातून कितीही ओरडले तरी हे वाडीतून हलत नाहीत. खिशातला फोन वाजला की हात धुतात. परवा फोन आला नाही. ऊन कलायला लागलं, हे बांधावर बसून. मी जाऊन म्हटलं, "तिला काहीतरी काम निघालं असेल. आज नाही येणार फोन. चला जेवायला."

"नाय येनार असा कोनी सांगितला?" हे म्हणाले.

मी घरात जाऊन दोन्ही ताटं झाकली आणि परत येऊन त्यांच्याशेजारी बांधावर बसले.