कुलूपबंद घराचा फॉर्म

आधीच सांगून टाकते – भूतखेत, भानामती, अंगात येणं या भानगडीत मी कधीच नव्हते. सासरी दाराला लिंबू-मिरची बांधायला घेतली की मी म्हणायचे, "ठेच्याला तरी घाला, वाया कशाला घालवता?" त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहिते. दोन वर्षं पोटात ठेवलंय, आता राहवत नाही.

मी धुळ्याची, देवपूरला राहते. एका आर्थिक संशोधन संस्थेत नोकरी करते. नाव मोठं आहे, पण आमचं काम साधं. घरोघरी जायचं आणि लोक काय खातात, काय पिकवतात, कशावर जगतात ते विचारून फॉर्म भरायचा. वरचे साहेब त्यावर जाडजूड अहवाल लिहितात, आम्ही उन्हात चपला झिजवतो. एकदा निवडलेलं घर आमच्यात सुटत नाही. काही वर्षांनी पुन्हा त्याच घरी जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि काय बदललं ते बघायचं. घराला कुलूप असेल तर तीन फेऱ्या मारायच्या. तिसऱ्यांदाही कुलूप दिसलं तर फॉर्मवर 'कुलूपबंद' लिहून मोकळं व्हायचं.

आता माझं पाप. दहा वर्षांपूर्वी मी टेंपररी होते. अमळनेर तालुक्यातलं एक गाव माझ्याकडे होतं (नाव देत नाही, कृपया विचारू नका). शेवटचा दिवस, शेवटचं घर, नंबर एक्केचाळीस. दोनदा जाऊन आले होते, दोन्ही वेळा कुलूप. त्या गावात माझी आधीच दोन घरं कुलूपबंद निघाली होती आणि साहेबांनी बजावलं होतं, अजून एक निघालं तर पर्मनंटच्या यादीत नाव विसरा. मी तिसऱ्यांदा गेलेच नाही. अमळनेरच्या स्टँडवर चहाच्या टपरीत बसले आणि एक बाई बनवली!

द्वारकाबाई. वय पासष्ट. चूल, मातीची जमीन, गेल्या सात दिवसांत उडदाची डाळ दोनदा, शेळी एक. घरात माणसं – एक. एकच माणूस दाखवलं की मुलांची, सुनांची, शाळेची सगळी पानं कोरी सोडता येतात. फील्डवर काम केलेला कोणीही ही युक्ती ओळखेल. शेळीचा रकाना भरताना मनात आलं, या शेळीचं नाव 'मास्तरीण' असेल. माझी एक चुलत सासू मास्तरीण होती, हनुवटी अगदी तशीच! एकटीच हसले. ते नाव अर्थातच कुठे लिहिलं नाही, शेळीच्या नावाला रकानाच नसतो. कोणाला सांगितलंही नाही. सासूच्या हनुवटीबद्दल कोणाला सांगणार?

पुढे मी पर्मनंट झाले, सुपरवायझर झाले. द्वारकाबाई डोक्यातून गेली.

दोन वर्षांपूर्वी सर्वेक्षणाची दुसरी फेरी निघाली. यादीत एक्केचाळीस नंबर दिसला आणि द्वारकाबाई आठवली. नाव काढायचं तर कारण द्यावं लागणार. म्हटलं, राहू दे. भूषण जाईल, कुलूप बघेल, 'कुलूपबंद' लिहील, सुंठीवाचून खोकला जाईल. भूषण माझ्या टीममधला. तिशीचा, सरळ माणूस. तोही टेंपररी, घरी बायको आणि वर्षाची मुलगी. फील्डच्या माणसांना आम्ही जुनी उत्तरं दाखवत नाही, फक्त घरनंबर आणि नाव देतो. जुन्या फायलींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

संध्याकाळी भूषण ऑफिसला आला, टॅब टेबलावर ठेवला.

"झालं ताई, गाव पूर्ण."

"आणि एक्केचाळीस?"

"झालं ना! द्वारकाबाई. काय भारी आजी आहे हो! चहा पाजल्याशिवाय सोडलंच नाही."

मला वाटलं, आली असेल राहायला कोणी त्या नावाची... योगायोग. असतातच की द्वारकाबाया. तेवढ्यात तो हसत म्हणाला, "आणि तिची शेळी! माहितीये काय नाव ठेवलंय? मास्तरीण!"

 

पण खरा घोळ आठवड्याने झाला. जळगावच्या ऑफिसात नवे-जुने फॉर्म कॉम्प्युटरवर जुळवतात. आमच्या सरांचा फोन आला. एक्केचाळीस नंबरचं प्रत्येक उत्तर आठ वर्षांपूर्वीसारखंच आहे. डाळ दोनदा, शेळी एक... आणि बाईचं वय पासष्टच! आठ वर्षांत एक दिवससुद्धा वाढलेलं नाही.

"ताई, याने जुना फॉर्म उतरवलाय," सर म्हणाले. "उद्या जाऊन बघून या. खोटा निघाला तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं. पुन्हा कुठल्याच संस्थेत काम मिळणार नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी भूषणच्या मोटरसायकलवर आम्ही दोघं गेलो. दुपारचे बारा, लख्ख ऊन. गावाच्या शेवटाला ते घर. चौकटीवर गेरूने लिहिलेला माझा जुना एक्केचाळीस, फिकट झालेला. शेजारी भूषणचा नवा आकडा, त्यापुढे बरोबरची खूण. मुलाखत पूर्ण झाली तरच आम्ही ती खूण करतो.

दाराला कुलूप. गंजून कडीशी एकजीव झालेलं.

 भूषणने दाराच्या फटीला डोळा लावला आणि मागे सरकला. मग मी बघितलं. छप्पर आत पडलेलं, मधोमध माणसाच्या दुप्पट उंचीचं कडुनिंबाचं झाड.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारे नाना बसले होते. त्यांना विचारलं, इथे कोण राहतं?

"तठे कोन ऱ्हास ताई? वीस वरीस व्हई ग्यात, कुलूप लागेल शे."

"द्वारकाबाई नावाच्या कोणी..."

"त्या नावनी बाई आमना गावमा कधी व्हतीच नही." मग भूषणकडे बोट करून म्हणाले, "हाऊ पोऱ्या उना व्हता ना मांगला हप्तामा. त्या दारमजार गया, लई येळ दिखनाच नही. माले वाटनं, मांगली आंगे निंघी गया."

घराला मागून वाटच नव्हती. मी फिरून बघितलं.

"ताई, मी आत बसलो होतो," भूषण म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सारवलेली जमीन होती. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

आता माझी गोची बघा. तो खरं बोलतोय हे अख्ख्या जगात फक्त मला माहीत होतं, कारण 'मास्तरीण' माझ्या डोक्याबाहेर कधी आलीच नव्हती. पण हे सिद्ध करायचं तर आधी कबूल करायचं की ती बाई मी बनवली. आणि बाईच बनावट, तर तिला भेटलेला माणूस खरा कसा?

तरी मी जळगावला जाऊन सरांना सगळं सांगितलं. टपरी, सासूची हनुवटी, सगळं. सरांनी चष्मा काढला.

"तुमचा फॉर्म खोटा असेल, तर त्याचा दुप्पट खोटा," ते म्हणाले. "नसलेली बाई चहा पाजते का?"

"नाही पाजत सर."

"मग?"

 डोळ्यांसमोर भूषणची मुलगी आली आणि मी दुसरं खोटं बोलले, "जुना फॉर्म मीच त्याला कपाटातून काढून दिला. तसाच उतरव म्हणून मीच सांगितलं. तो नाही म्हणत होता." हे मात्र सरांना लगेच पटलं. खऱ्याला कोणी विचारलं नाही, खोट्याची पावती लगेच फाटली. भूषणला ताकीद देऊन सोडलं. माझं सुपरवायझरपद गेलं, जळगावला टेबलवर्क. तेव्हापासून रोज एसटीने धुळे-जळगाव अपडाऊन करते. घर नंबर एक्केचाळीस कायमचं रद्द झालं. त्या फॉर्मवर लाल पेनाने रेघ मारायचं कामही माझ्याच वाट्याला आलं.

वाटलं होतं, भूषण आभार मानेल. तो स्टँडवर भेटायला आला तो रागानेच.

"माझी नोकरी वाचवली ताई, पण मला खोटं पाडलंत. मी तिला भेटलोय."

"मला माहीत आहे रे बाबा."

"तुम्हाला?"

मग त्यालाही सगळं सांगितलं. गाडी लागली, सुटली, आम्ही तिथेच उभे.  मग भूषण म्हणाला, "शेवटी आपण विचारतो ना, अजून काही सांगायचं आहे का? मी विचारलं होतं. तिने सांगितलं ते मला कळलंच नव्हतं, म्हणून लिहिलं नाही."

"काय म्हणाली?"

भूषणने तिच्याच बोलीत सांगितलं, "मांगे ती बाई उनी व्हती ना, तिले सांगजो. बठ्ठं बराबर लिखं तिनी. पन माले एकलीच कसाले लिखं? एखादी पोर तरी लिखाले पाहिजे व्हती ना मन्हा संगे."

मी स्टँडवरच्या बाकावर बसले आणि चारचौघांत रडले. लाज वाटली नाही.

मला स्पष्टीकरण मागू नका, माझ्याकडे नाही. भूषणला उन्हाचा भास झाला म्हणाल, तर शेळीचं नाव त्या भासाला कोणी सांगितलं? माझंच डोकं फिरलं म्हणाल, तर कबूल, पण मग नानांना दारात दिसेनासा झालेला माणूस कोण? खोटं लिहिल्याची शिक्षा मिळाली, ती मला मान्य आहे. पण चार पानं भरायचा कंटाळा आला म्हणून मी एका बाईला जन्मभर एकटी ठेवली आणि वर लाल रेघही मारली... त्याचं मी काय करू, एवढं कोणाला माहीत असेल तर सांगा.