एकशे एकावे यंत्र

सातपूरच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये स्टीलचा डबा माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या होत्या, "वांग्याचं भरीत आहे. काटा-चमचा मिळणार नाही हं इथे." माझा नोकरीचा पहिला दिवस होता. मी जेवणाचा डबा घरी विसरले होते, आणि माझे अडखळते मराठी ऐकून मी कॉन्व्हेंटची हे सर्वांना कळून चुकले होते. सगळे हसले, मीही हसले आणि हाताने जेवले. गांगुर्डे मॅडमची आणि माझी ओळख ही अशी झाली. आज त्या पंच्याहत्तरीत पदार्पण करत आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आमचा कारखाना शीतगृहांसाठी छोटे संगणक बनवत असे. मॅडम त्यांचे ड्रायव्हर लिहीत. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्या मधला प्रोग्राम. ऑपरेटर यंत्राचा नंबर टाईप करतो, पडद्याचा प्रोग्राम तो ड्रायव्हरकडे पोचवतो, आणि ड्रायव्हर आपल्या तक्त्यात त्या नंबरापुढचे ठिकाण पाहून तिथे हुकूम धाडतो. तक्त्यात नसलेला नंबर न तपासता घेतला, तर मेमरीत पलीकडे जे काही पडलेले असेल तेच ठिकाण समजून हुकूम सुटतो. चालता कॉम्प्रेसर बंद पडू शकतो, नाहीतर सगळा संगणकच.

पिंपळगाव बसवंतच्या एका शीतगृहाचे काम हाती होते. द्राक्षे उतरायला लागली होती. मॅडमनी सांगितले की ड्रायव्हर स्वतः नंबर तपासेल आणि त्याला आणखी दोन दिवस लागतील. आमचे व्यवस्थापक देशमुख साहेब टेबलाशी आले.

"मॅडम, पडद्यावर तपासणी आहे ना? एकच काम दोनदा कशाला?"

"साहेब, पडद्याचा प्रोग्राम उद्या दुसरं कोणी बदलेल. नंबर कोणी पाठवला ते ड्रायव्हरला दिसत नाही. नंबर तेवढा दिसतो."

"द्राक्षं थांबत नाहीत. ऑर्डर गेली तर वर तुमचं नाव कळवीन."

"कळवा. आडनाव नीट सांगा म्हणजे झालं."

त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी होत होती आणि ती मॅडमची, असे आम्ही धरून चाललो होतो. साहेबांच्या एका शब्दाने ती जाणार हे मॅडमनाही ठाऊक होते. त्यांनी दोन दिवस घेतलेच. चुकीचा नंबर आला तर दाखवायचा नकाराचा संदेश मी इंग्रजीत लिहिला, तर म्हणाल्या, "पिंपळगावच्या माणसाला वाचता आला पाहिजे." मग आम्ही रोमन अक्षरांत लिहिले, 'असे यंत्र नाही'.

नव्या संगणकाच्या पूजेच्या दिवशी शीतगृहाचे कॉम्प्रेसर चालू होते, खोल्या द्राक्षांनी भरलेल्या. पडद्यावर मालकांचे नाव झळकावे म्हणून त्यांच्या पुतण्याने पडद्याचा प्रोग्राम आदल्या दिवशी बदलून घेतला होता. त्यात तपासणी गळून पडली होती. हे आम्हाला नंतर समजले. मालकांच्या आईंना खुर्चीवर बसवले.

"आजी, एक दाबा," साहेब म्हणाले.

"येकच? शकुनाचं येकशे येक दाबते की," म्हणत आजींनी एकेक कळ शोधून दाबली आणि कुणीतरी सांगितले तशी शेवटची मोठी कळही.

पडद्यावर आले, 'असे यंत्र नाही'. मालकांचा चेहरा उतरला. मी कान देऊन ऐकत राहिले. कॉम्प्रेसरची घरघर तशीच चालू होती.

"काय म्हनतंय ते?" आजींनी विचारले.

मॅडम वाकून म्हणाल्या, "आजी, ते म्हणतंय, माझ्याकडे आठच यंत्रं आहेत. एकशे एकावं आणलं की सांगा."

"खरं बोलतंय बया. आमचा हिशेबनीस तर नाय म्हनतच नाय कधी," आजी म्हणाल्या, आणि हिशेबनिसांसकट सगळी मंडळी हसली.

परतताना जीप ओझरच्या पुढे आल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, वर नाव कळवणार आहे. कारण बदललंय." विभागप्रमुख मॅडमच झाल्या.

मुलीच्या जन्मानंतर मी कामावर परतले, तेव्हा मला टायपिंगला बसवण्याचे घाटत होते. मॅडमनी माझ्या टेबलावर नव्या ड्रायव्हरचे काम ठेवले आणि म्हणाल्या, "बाळ झोपतं का रात्री?" पुढची सगळी वर्षे मी ड्रायव्हरच लिहिले.

मॅडम, तुमचे गुडघे तुमचे ऐकोत, सकाळचे फिरणे सुटू नये, आणि आमच्या चुका काढण्याइतकी नजर कायम तीक्ष्ण राहो.

सत्कार समितीला विनंती. शाल मॅडमना द्यावी, हार आणू नयेत, त्यांना आवडत नाहीत. या गौरवग्रंथाची पहिली प्रत देशमुख साहेबांना त्यांच्या घरी नेऊन द्यावी. दुसरी पिंपळगावला, आजींच्या सुनेला. पाच प्रती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलींसाठी. कुणाचीही प्रत शेजाऱ्याकडे किंवा वॉचमनकडे ठेवू नये. नाव विचारून, ज्याची त्याच्याच हातात द्यावी. पोचली का, हे मॅडम स्वतः फोन करून विचारणार आहेत.